समासातला शेरा

गुरुवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी मी ती फाइल धारला पाठवली आणि अकरा चाळीसला मला कळलं की मी काय करून बसले आहे. मधली तीस मिनिटं मी चहा प्याले, झेरॉक्सवाल्याशी भांडले आणि स्वतःवर खूश होते.

मी नेहा. देवासला तात्यांच्या वकिली ऑफिसात नऊ वर्षं टायपिंग करते. तात्या माझ्या नात्यातले नव्हेत. शहात्तर वर्षांचे वकील आहेत आणि अख्खं देवास त्यांना तात्याच म्हणतं. माझे वडील साताऱ्याहून इथल्या कारखान्यात फिटर म्हणून आले, मी इथेच जन्मले. त्यामुळे माझ्या मराठीत हिंदी असते आणि रागात माळवी. डोकं तापट आहे हे आधीच सांगून टाकते, नंतर कोणी बोलायला नको.

फाइल किमयाची होती. किमया म्हणजे धारच्या एका जुन्या दरबारी घराण्याची सून. नवरा राजवीर, गाड्यांची एजन्सी, तोंडात साखर. त्याने तिचं मनगट दोनदा मोडलं होतं. दोन्ही वेळचे एक्स-रे मी स्वतः स्कॅन केलेत. आठ महिन्यांपूर्वी ती सहा वर्षांच्या लेकीला घेऊन घरातून निघाली आणि तेव्हापासून तो तिला शोधत होता. नागपूरला तिच्या भावाकडे दोन गाड्या भरून माणसं घेऊन गेला, इंदूरच्या मैत्रिणींची दारं वाजवून आला. घटस्फोटाला संमती देतो म्हणाला, पण दर तारखेला त्याचं एकच पालुपद, ती राहते कुठे ते सांगा. अर्जात तिचा पत्ता म्हणून आम्ही आमच्याच ऑफिसचा पत्ता दिला होता. खरा पत्ता चौघांना ठाऊक होता: किमया, तिची आते, तात्या आणि मी. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आते म्हणजे वडिलांची बहीण. महाराष्ट्रात आत्या म्हणतात, इकडच्या नव्या पोरी सरळ बुआ म्हणतात, पण तात्यांसारख्या जुन्या घरांत अजून आतेच चालतं. किमयाची आते इथेच देवासला, एका पिठाच्या गिरणीवरच्या माडीवर राहायची. तिचं आणि किमयाच्या वडिलांचं वीस वर्षं बोलणं नव्हतं, म्हणून तिच्याकडे शोधायला जावं असं राजवीरच्या डोक्यातही आलं नसतं. किमयाला एका पॅकिंगच्या कंपनीत काम लागलं होतं, पोर शाळेत रुळली होती. गेल्या महिन्यात ती ऑफिसात आली तेव्हा आठ महिन्यांत पहिल्यांदा मी तिला हसताना पाहिलं.

आता चूक कशी झाली ते सांगते. तात्यांची जुनी सवय, कागदाच्या समासात पेन्सिलने शेरे मारायची. "साक्षीदार घाबरट", "ही तारीख तपासा", असलं काहीतरी. कागद पक्का टाइप झाला की शेरे कच्च्या कागदावरच राहायचे आणि कच्चा कागद बंबात जायचा. कॉम्प्युटर आला तेव्हा ते शेरे मला सांगायला लागले आणि मी ते फाइलीच्या समासात पिवळ्या चौकटीत टाकायला लागले. अर्ज हिंदीत, शेरे मराठीत. पक्षकाराचं नाव शेऱ्यात कधी नाही, फक्त सून, जावई, थोरला, धाकटा. आपल्या इकडच्या मराठी माणसाची ही खोडच आहे. बाजारात भाव पाडायचा असो की कोर्टाच्या व्हरांड्यात गुपित सांगायचं असो, समोरच्याला कळू नये ते मराठीत बोलायचं, की झालं.

किमयाच्या फाइलीत पत्त्याच्या रकान्याशेजारी तात्यांनी मला असं टाइप करायला लावलं होतं:

"सून सांप्रत आतेकडे, पिठाच्या गिरणीवरल्या माडीवर. पोरही तिथेच. हे कोठेही लिहू नये."

कुठेही लिहू नये हे आम्ही लिहून ठेवलं होतं. काय अक्कल!

धारचे वकील उमाशंकर राजवीरच्या बाजूने होते. त्यांना मसुद्यात आपली कलमं घालायची होती, म्हणून त्यांनी वर्डची फाइलच मागितली. पाठवण्याआधी मी शेरे बंद केले. म्हणजे मला वाटलं बंद केले. वरच्या पट्टीतल्या एका बटणाने ते दिसेनासे होतात, पान कसं स्वच्छ धुतल्यासारखं दिसतं. मी ते पान खालीवर करून पाहिलं आणि पाठवलं.

अकरा चाळीसला तात्यांनी तीच फाइल आपल्या मोबाईलवर उघडली आणि मला हाक मारली. मोबाईलवर पत्त्याच्या शेजारी एक छोटा पिवळा ठिपका होता. त्यांनी बोट लावलं आणि शेरा उघडला, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत.

 दिसेनासं करणं वेगळं आणि पुसणं वेगळं, एवढी साधी गोष्ट मला नऊ वर्षांत कळली नव्हती. फाइलीत दडलेलं सगळं शोधून काढून टाकणारं बटण त्याच कॉम्प्युटरमध्ये होतं. मी त्याला कधी हात लावला नव्हता. तेव्हा लावला, साफ केलेली फाइल धारला पाठवली आणि वर लिहिलं, पहिली उघडू नका. बैल गेला अन् झोपा केला. वरून तात्या म्हणाले, असं लिहिलंस म्हणजे तो पहिली आधी उघडणार.

मी उमाशंकरना फोन लावला. बंद. दुपारपर्यंत ते कोर्टात असतात. किमयाला लावला. तोही बंद, कारण तिच्या कंपनीत फोन गेटवर जमा करतात आणि पाच वाजल्याशिवाय परत मिळत नाहीत. मी खोलीत येरझाऱ्या घालायला लागले तसे तात्या मला समजावू लागले. शेरा मराठीत आहे. उमाशंकर पक्के माळवी, त्यांना काय कळणार? आणि राजवीर घरात मराठी बोलतो खरा, पण इंग्रजी शाळेत शिकलेला, देवनागरी अक्षरंच अडखळत लावतो, त्याला लग्नाची मराठी पत्रिकासुद्धा धड वाचता येत नाही.

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, तात्या, त्याला वाचता येत नसेल, पण त्याच्या घरात वाचणारं माणूस आहे की नाही? मराठी माणसापासून मराठीत लपवायला आपण निघालो होतो, आपल्याला काय म्हणावं?  इतक्या वर्षांत मी त्यांच्यावर आवाज चढवला नव्हता. मग त्यांनी कोट घातला आणि सांगितलं की ते रिक्षाने आतेकडे जातात, पोरीला शाळेतून आणवतात आणि पाचला किमयाच्या गेटवर उभे राहतात. मी धारला जावं, शेरा कोणी वाचण्याआधी तो उमाशंकरच्या कॉम्प्युटरवरून समोर उभं राहून पुसवून घ्यावा.

"आणि तिथे तोंड आवर," ते म्हणाले. "त्यात काय आहे हे तुझ्या चेहऱ्यावरून कळता कामा नये."

देवासहून इंदूर, गंगवाल स्टँडवर बस बदलून धार. एरवी तीन तासांचा रस्ता, त्या दिवशी मला तो नर्मदेपलीकडचा वाटला. ड्रायव्हर बेटम्याला थांबला, घाटाबिल्लोदला थांबला, कोणाची पोती चढवायला थांबला. मी दर दहा मिनिटांनी उमाशंकरना फोन लावत होते, आधी बंद, मग सारखा बिझी. शेजारची बाई शेंगा सोलून मला देत होती आणि मी त्या न खाता पर्समध्ये भरत होते. राजवीरच्या घरात वाचणारं माणूस कोण, ते मला ठाऊक होतं. त्याची आई, नर्मदाबाई. रोज पोथी वाचणारी. किमयाचा जबाब मीच टाइप केला होता: मनगट मोडलं तेव्हा सासूबाई शेजारच्या खोलीत होत्या, बाहेर आल्या नाहीत, सकाळी हळदीचं दूध घेऊन आल्या आणि म्हणाल्या, बायकांनी सोसायचं असतं. ते टाइप करताना माझी बोटं कीबोर्डवर आपटत होती. ती बाई मी पाहिली नव्हती, पण माझा तिच्यावर मनापासून राग होता.

सव्वातीनला मी उमाशंकरच्या ऑफिसचा जिना चढले. दार उघडंच होतं. आत उमाशंकर, समोर पांढऱ्या शर्टातला राजवीर, आणि खिडकीपाशी खुर्चीत डोक्यावरून पदर घेतलेली एक म्हातारी. टेबलावर एक छापलेला कागद होता, त्याच्या समासात तात्यांचा शेरा.

उमाशंकर माणूस वाईट नाही. मला बघून उभे राहिले, खुर्ची दिली, पाणी मागवलं. मग हसत हसत सगळं सांगितलं. दुपारी फाइल उघडली तर बाजूला काहीतरी मराठीत. त्यांना वाटलं, "सुन" म्हणजे ऐक आणि "आते" म्हणजे येताहेत. मोबाईलला विचारलं तर त्यानेही ते हिंदीच समजून, कोणीतरी येत आहे, असं सांगितलं. पत्त्याशेजारीच लिहिलंय म्हणजे उमाशंकरना वाटलं सूनबाईच परत येतेय, तडजोड होतेय, केवढी चांगली बातमी. म्हणून त्यांनी शेऱ्याचा फोटो राजवीरला पाठवला, तुमची भाषा आहे भिया, वाचून सांगा. राजवीरला दोन शब्दांपलीकडे जमेना, म्हणून तो आईला घेऊन आला होता.

मी तात्यांनी सांगितलेलं सगळं विसरले. कागदावर हात ठेवला आणि म्हटलं की हा आमच्या ऑफिसचा खाजगी शेरा आहे, चुकून गेला आहे, वाचायचा तुम्हाला अधिकार नाही, फाइल पुसा. आवाज माझा मलाच मोठा वाटला. उमाशंकरचं हसू गेलं. ते म्हणाले, मॅडम, तुम्हीच पाठवलंत, मी चोरलं नाही. आणि राजवीर, जो आतापर्यंत फोनमध्ये डोकं घालून बसला होता, त्याने मान वर केली.

"ऐसा क्या है इसमें?" त्याने माझ्या हाताखालून कागद हळूच ओढून घेतला आणि आईच्या मांडीवर ठेवला. "वाच, आई."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी बोलले नसते तर कदाचित तो कंटाळून उठून गेला असता.

नर्मदाबाईंनी पिशवीतून चष्म्याचं घर काढलं, चष्मा पुसला, लावला. ओठ न हलवता वाचलं. ओळी दोनच होत्या. त्यांनी त्या वाचल्या आणि पुन्हा पहिल्यापासून वाचल्या. किमयाची आते देवासला असते हे त्यांना ठाऊक असणारच. आमच्या इकडे सोयरीक जुळवताना सात पिढ्यांची चौकशी करतात.  गिरणीवरचा तो जिना मला दिसत होता, दाराबाहेर काढून ठेवलेल्या पोरीच्या चपला दिसत होत्या. म्हातारीने माझ्याकडे एकदा पाहिलं, मग मुलाकडे.

"काही नाही रे," त्या म्हणाल्या. "त्या वकिलाच्या घरचं दिसतंय. सुनेला निरोप दिलाय, गिरणीवर आटा राहिलाय म्हणून. आटाच्या जागी आते छापलंय."

 राजवीरने कागद घेतला, "पिठाच्या" या शब्दावर बोट ठेवून विचारलं, हे काय? पीठ, आटा, आईने सांगितलं. गिरणी? चक्की, रे. तो खो खो हसला. उमाशंकरना म्हणाला, भिया, तुम्ही बहू आणत होता, हे तर आटा निघालं. उमाशंकरही हसले. मला हसायला हवं होतं, आणि मी हसलेही. ते हसणं कसलं होतं ते माझं मला माहीत. म्हटलं, हो ना, म्हणून तर ओशाळले होते, आमच्या तात्यांचं वय झालंय, घरचं आणि ऑफिसचं एक करतात. आयुष्यात इतकं सरळ खोटं मी कधी बोलले नव्हते.

राजवीर उठला. फोन खिशात टाकला, आणि त्या फोनमध्ये तो फोटो तसाच होता. तो पुढे होऊन जिना उतरू लागला. नर्मदाबाई खुर्चीला धरून उठल्या, मी नकळत हात पुढे केला. त्यांचा हात हाडकुळा, गार होता. कोपराच्या वर, बाहीखाली, एक हिरवट पडत चाललेला डाग होता. मी तो पाहिला हे त्यांनी पाहिलं आणि पदर खाली ओढला.

दारात थांबून त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बाई, ते दळण आजच्या आज उचला हो. उद्या दुसरं कोणी उचलून नेईल."

खालून राजवीर ओरडला, "चल ना आई, आटा-आटा क्या लगा रखा है." आणि त्या एकेक पायरी उतरत गेल्या.

त्यानंतर उमाशंकरनी माझ्यासमोर फाइल पुसली, मेल पुसली, छापलेला कागद फाडला. त्यांना नक्की काय उमगलं ते मला कळलं नाही. पण दाराशी पोचवताना ते हळूच म्हणाले, "मैडम, फोटो वाली गलती मेरी है. मुझे भेजना नहीं था." मी मान हलवली. राग काढायचा तर तो माझ्यावरच काढायचा होता.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले होते तेव्हा पाच वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. तात्यांच्या फोनवरून किमया बोलत होती. ती कंपनीच्या गेटबाहेर उभी होती, आते आणि पोर रिक्षात बसलेली. तात्यांनी तिला अर्धंमुर्धं सांगितलं होतं. मी सगळं सांगितलं, माझी चूक पहिल्यांदा. म्हटलं, किमया, मी तुझं घर उघडं टाकलं, मला वाटेल ते बोल.  मग मी तिच्या सासूचं सांगितलं. 

"सहा वर्षं," ती म्हणाली. "सहा वर्षं त्या एक शब्द बोलल्या नाहीत माझ्यासाठी."

मी म्हटलं, आज बोलल्या.

"उद्या तो फोटो दुसऱ्या कोणाला दाखवेल, नेहाताई. तेव्हा त्या घरात त्याच्यासमोर एकट्या असतील."

मी त्या हिरव्या डागाबद्दल सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती, तिला माझ्याआधी ठाऊक होतं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही; शेंगावाली बाई नव्हती, शेजारी एक म्हातारबुवा झोपले होते. मी म्हटलं, तात्या उद्या सकाळी उमाशंकरशी बोलतील, त्या बाईंसाठी जे करता येईल ते करू, त्या तयार असतील तर अर्ज करू. म्हणताना मलाच कळत होतं की त्या तयार होणार नाहीत आणि मी तिचं नव्हे, माझं समाधान करतेय.

मागून पोर विचारत होती, आई, आपण कुठे जायचं? किमयाने तिला काहीतरी सांगितलं, मग नाक ओढलं आणि माझ्याशी बोलायला लागली. आवाज एकदम कामाचा झाला होता. आतेची एक ओळखीची आहे, आजच निघतोय, शाळेचा दाखला तात्या नंतर काढतील. "तिथलं लिहून घ्या, नेहाताई. गाव आहे..."

"थांब," मी म्हटलं. "सांगू नकोस. मलाही नको आणि तात्यांनाही नको. आम्ही कुठेतरी लिहून ठेवतो."

तिने फोन ठेवला. ती कुठे राहते ते मला आजही ठाऊक नाही.